परसातले पक्षी: कॅमेरा लांब ठेवा, फ्लॅश जवळ न्या

पक्ष्यांचे फोटो म्हटलं की नाशिककर थेट नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य गाठतात, आणि राज्यातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) निफाड तालुक्यात असल्यावर जाणारच की. पण तिथे पक्षी कुठे बसणार हे पक्षीच ठरवतो आणि उजेड मिळेल तो घ्यायचा. घरामागे गोष्ट वेगळी. गंगापूर रोडला राहा नाहीतर इंदिरानगरला, चार झाडं आणि पाण्याचं एक मातीचं भांडं असलं की बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी, शिंजीर येतातच. ते कोणत्या काडीवर बसतील, मागे काय दिसेल, उजेड कुठून पडेल हे बऱ्यापैकी आपल्या हातात असतं, म्हणून फ्लॅश शिकायचा तर इथेच शिकावा.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावतात आणि मग म्हणतात फोटो सपाट येतो, डोळा भुतासारखा चमकतो. येणारच ना! फ्लॅश लेन्सच्या अगदी रेषेत असला की डोळ्याच्या आतून परत आलेला उजेड सरळ लेन्समध्ये शिरतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. कॅमेरा ५ मीटरवर आणि फ्लॅशही तिथेच, तर फ्लॅश २ मीटरवर असताना लागला असता त्याच्या सव्वासहा पट उजेड फेकावा लागतो. टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) लांबून चालते, फ्लॅश लांबून चालत नाही, एवढं डोक्यात ठेवा. फ्लॅश साध्या लाइट स्टँडवर लावा, काडीपासून दीड-दोन मीटरवर, थोडा वर आणि थोडा बाजूला, आणि कॅमेऱ्यावर फक्त रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारी डबी). वायरच्या भानगडीत पडू नका, खारी कुरतडतात. स्टँडच्या पायावर वीट ठेवा, वाऱ्याने पडला की फ्लॅश गेलाच.

काडीचं अंतर लेन्सवरून ठरतं. १५०-६०० मिमीवाल्या लेन्स साधारण २ ते ३ मीटरच्या आत फोकसच करत नाहीत, तेव्हा ४-५ मीटर धरा. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ६०० मिमीने ५ मीटरवर जेमतेम २० सेंमी रुंदीचा भाग दिसतो, शिंजीर असतो १० सेंमीचा, म्हणजे अर्धी फ्रेम भरली. ७०-३०० असेल तर काडी अडीच-तीन मीटरवर आणा आणि तुम्ही खिडकीच्या पडद्याआडून काढा. एवढ्या जवळून एफ ८ लाही (लेन्सचं भोक बरंच लहान केलं तरी) दोन-अडीच सेंमीच शार्प येतं, म्हणून पक्षी आडवा बसेल अशी काडी लावायची आणि फोकस डोळ्यावर, दुसरीकडे कुठेच नाही.

काडी विकत घ्यायची गरज नाही. द्राक्षाची छाटणी झाली की बांधाला काड्यांचे ढीग पडलेले असतात, ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार वाकड्यातिकड्या घेऊन या, फोटोत फार छान दिसतात, कुंडीत खोचली की काम झालं. बाजरी किंवा राळं ठेवा, फरसाण आणि ब्रेड नको. काडी, स्टँड, फ्लॅश सगळं दोन-तीन दिवस नुसतं उभं राहू द्या, फ्लॅशच्या जागी रिकामा डबा लावला तरी चालेल, पक्षी सरावतात. कावळे आधी येऊन डबा तपासून जातील, जाऊ द्या.

सेटिंग. सकाळी ऊन यायच्या आधी, सावलीत, मॅन्युअल मोडवर शटर १/२००, एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६, म्हणजे पूर्ण ताकदीचा सोळावा हिस्सा. आता आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो किमान दोन स्टॉप अंधारा यायला पाहिजे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). नाही आला तर एफ ११ करा किंवा आयएसओ उतरवा आणि फ्लॅश १/८ वर न्या. ही पायरी गाळू नका, कारण १/२०० ला हलणारा पक्षी गोठत नाही, गोठवतो तो फ्लॅश. १/१६ पॉवरला साध्या स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसतो तो छोटा फ्लॅश) झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही बऱ्याच कमी वेळात संपतो, पण आजूबाजूचा उजेड जास्त असला की फ्लॅशने आलेल्या शार्प पंखामागे एक धुरकट दुसरा पंख दिसतो, ते घोस्टिंग. फुल पॉवरला झोतही लांबतो आणि चार्ज व्हायलाही वेळ लागतो, तोवर बुलबुल शेजाऱ्यांच्या पेरूवर.

मागची झाडं काळीठिक्कर आली तर आयएसओ एक स्टॉप वाढवा आणि फ्लॅश एक स्टॉप कमी करा, पक्षी तेवढाच उजळ राहतो आणि मागचा हिरवा वर येतो. मागे उन्हातली पांढरी भिंत मात्र नको, १/२०० ला ती पार उडते, म्हणजे नुसती पांढरीफटक येते.

ऊन पडल्यावर हा खेळ बदलतो. तेव्हा हाय स्पीड सिंक (खूप वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारा मोड) लावा, शटर १/१६०० वगैरे, फ्लॅश ऑटोवर (टीटीएल) आणि फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे दीड-दोन स्टॉप, फक्त पोटाखालची सावली भरायला. यात फ्लॅशची ताकद खूप घटते, म्हणून काही जण पुढे फ्रेनेल भिंगाचा (उजेड एकवटणारं पातळ, सपाट भिंग) एक्स्टेंडर लावतात. लावा, पण उन्हात ते भिंग सूर्याकडे राहिलं तर फ्लॅशचं प्लास्टिक वितळतं, खरंच वितळतं.

शिंजीरासाठी मात्र नियम थोडा मोडायचा. नर नुसता बघितला तर काळा कोळसा, जांभळा-निळा दिसतो तो ठराविक कोनातून, कारण तो रंग नुसत्या रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या बारीक रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा आहे. बाजूच्या फ्लॅशने तो काळाच राहतो. स्टँड सरकवून फ्लॅश लेन्सच्या जवळ आणा, रेषेत नको, थोडा वरच ठेवा, मग मान आणि छाती अशी पेटते की बघतच राहाल. जास्वंदीजवळ काडी लावली की तो फुलाआधी तिथे टेकतोच.

घरट्यावर फ्लॅश नाही, पिल्लांवर नाही, आणि रात्री पिंगळ्यावर तर अजिबात नाही, यात चर्चा नको. पक्षी दचकून उडाला आणि परत यायला वेळ लावतोय असं दिसलं की फ्लॅश बंद.

फ्लॅशवर डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावलात तर त्याने साधारण एक-दोन स्टॉप जातात, तेवढी पॉवर वाढवून घ्या. दयाळ आला तर उलटं, त्याच्या पंखावरचा पांढरा पट्टा आधी बघा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख) उजवीकडे चिकटला असेल तर फ्लॅश १/३२ करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढलं असेल तर काळी पिसं नंतर कॉम्प्युटरवर उचलता येतात, उडालेला पांढरा नाही.