मांजराच्या गजकर्णात या चुका टाळा

मांजराच्या कानामागे किंवा नाकाच्या कडेला केस झडून रुपयाएवढी जागा उघडी पडते, तिथे राखेसारखा कोंडा सुटतो, आणि उन्हाळ्यात केस गळतातच असे म्हणून घरातले लोक तिकडे दुर्लक्ष करतात. ही पहिली चूक. मांजरांच्या गजकर्णामागे बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी असते आणि ती माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, सहज लागते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. जुळे सोलापुरातील आमच्या घरी आणलेल्या पिल्लाच्या कानावर असाच चट्टा उठला, तेव्हा मी मेडिकलच्या दुकानातून माणसांच्या खाजेचे मलम आणून लावले. चार दिवसांत लाली ओसरली आणि मी निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी पिल्लाचे कपाळ आणि दोन्ही पंजे उघडे पडले होते आणि मुलीच्या मनगटावर लालसर कडेचे गोल वर्तुळ उमटले होते. मलमात बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइड लाली दाबते, पण त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते, त्यामुळे वरून बरे दिसत असताना बुरशी पसरत राहते. शिवाय लावलेले मलम मांजर चाटून पोटात घेते, ते वेगळेच. पशुवैद्यांनी अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला तेव्हा चट्ट्याच्या कडेचे केस मुळापासून हिरवट चमकले. मात्र केस चमकले नाहीत म्हणून गजकर्ण नाही असे समजू नये. शंका असल्यास केसांचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्याची चाचणी, करून घ्यावे, त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

लिंबू चोळू नये. टी ट्री तेल मांजरासाठी विषारी आहे. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर मांजराला फिरू देऊ नये, कारण त्यातील फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही.

सर्वांत महागात पडते ते फक्त मांजरावर उपचार करणे. गळलेल्या केसांवरचे बीजाणू घरात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. आमचे पिल्लू ज्या सोलापुरी चादरीवर झोपायचे, तिच्या जाड विणीत केस इतके रुतले होते की झटकून निघत नव्हते. चादर आधी चिकटपट्टीने साफ करावी, मग दोनदा धुवावी, आणि मशीन गच्च भरू नये. नळाला रोज पाणी येत नाही हे खरे, तरी इतर कपड्यांची धुणी पुढे ढकलावी, ही नाही. फरशीवरचे केस आधी गोळा करावेत आणि मगच पातळ केलेले ब्लीच वापरावे, कारण केसांवर आणि धुळीवर ओतलेल्या ब्लीचचा उपयोग होत नाही.

केस उगवले की औषध थांबवणारे लोक तर मला दर महिन्याला भेटतात. इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध साधारणपणे एक आठवडा देणे आणि एक आठवडा थांबणे अशा तीन फेऱ्यांत देतात, सोबत आठवड्यातून दोनदा बुरशीनाशक स्नान असते. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यांकडूनच घ्यावी. केस दिसले तरी बुरशी संपलेली नसते, म्हणून कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत मी कॅलेंडरवर खुणा करत राहतो. आणि नवे पिल्लू आले की पहिले तीन आठवडे ते मागच्या खोलीत, स्वतःच्या वेगळ्या सुती अंथरुणावर राहते.