महाबळेश्वरचं सरासरी तापमान आणि आपला स्ट्रॉबेरीचा वाफा

सप्टेंबर सरत आला की गादीवाफे (उंच वाफे) ओढायची घाई सुटते. वाईकडच्या रोपवाटिकांतून फोन येऊ लागतात आणि ज्याला त्याला एकच प्रश्न असतो: स्ट्रॉबेरीच्या रोपांची लागण आत्ता उरकायची की पाऊस पुरता थांबू द्यायचा? कॅलेंडर बघून ठरवण्याआधी महाबळेश्वरच्या वर्षभराच्या तापमानाकडे एकदा नीट बघा. त्यात एक गंमत आहे.

इथली सर्वांत गार दुपार जानेवारीत नसते, ऑगस्टमध्ये असते. ऑगस्टात दुपारी पारा सरासरी १९ अंशांच्या पुढे फारसा जात नाही, जानेवारीत मात्र २३-२४ पर्यंत चढतो. पावसाळ्यात ढग आणि धुकं डोंगरावर गोधडीसारखे पसरलेले असतात. दिवसा ऊन नाही, रात्री उष्णता बाहेर पडायला वाट नाही, म्हणून रात्रीचा पाराही १६ च्या आसपासच राहतो. दिवस आणि रात्र यांत जेमतेम तीन अंशांचा फरक. जानेवारीत आकाश निरभ्र असतं, रात्री पारा १३-१४ वर येतो आणि फरक दहा अंशांवर जातो. स्ट्रॉबेरीला गोडी येते ती अशाच हवेत: दिवसा ऊन, रात्री गारवा.

लागणीचं गणितही यातच आहे. ऑक्टोबरात दुपार साधारण २४, रात्र १६. मुळं धरायला याहून चांगली हवा नाही. त्यात दिवस लहान होत जातात, म्हणून कळी लवकर धरते. सप्टेंबरातल्या मुसळधार सरींत लागण केली तर करपा (पानांवरचा बुरशीचा रोग) आणि मूळकूज ओढवून घ्याल. ऑक्टोबर संपेपर्यंत थांबलात तर पहिला तोडा (फळांची तोडणी) लांबतो आणि नाताळच्या गर्दीचा भाव हातचा जातो. पाऊस ओसरला आणि वाफ्यात हात घातल्यावर माती चिकटेनाशी झाली की लावा. रोपाचा कोंब मातीच्या बरोबरीने ठेवा. गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर वाळतो.

आता खरी सावधगिरीची गोष्ट. वेधशाळेचा आकडा उंचावरच्या गावाचा असतो, वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट शिवाराचा नव्हे. थंड हवा जड असते, रात्री वारा पडला की ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येऊन सखल जागी साचते. वर गावात पारा आठ-दहावर असताना खाली तलावाकाठी दवबिंदू गोठून पांढरे झालेले दिसतात. पर्यटक फोटो काढतात, आपल्याला मात्र फुलाच्या मधला पिवळा भाग काळा पडलेला दिसतो. त्या फुलाचं फळ होत नाही, झालंच तर वेडंवाकडं. आमचा ओढ्याकाठचा वाफा आणि वरचा माळ यांत हाकेचंही अंतर नाही, तरी ओढ्याकाठची पानं कडक होऊन वाजतात त्या पहाटे माळावर नुसतं दव असतं.

म्हणून कमाल-किमान दाखवणारा तापमापक घ्या आणि तो घराच्या भिंतीवर नव्हे, सर्वांत सखल वाफ्यात रोपाच्या उंचीवर लावा. डिसेंबर-जानेवारीत रात्री वारा पडलेला, आकाश चांदण्यांनी भरलेलं आणि नऊच्या सुमारास पारा भराभर उतरताना दिसला तर त्या रात्री सावध राहा. अशा रात्रीचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी ठिबकने पाणी देऊन माती ओली ठेवा. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. क्रॉप कव्हर (पिकावर अंथरायचं पातळ कापड) असेल तर ऊन उतरायच्या आत टाका. रात्री दहाला टाकलेलं कव्हर गार हवाच झाकून ठेवतं. तुषार सिंचन करणार असाल तर पारा शून्यावर यायच्या आधी सुरू करा आणि बर्फ उन्हाने आपोआप वितळेपर्यंत थांबवू नका. मध्यरात्री वीज जाण्याची शक्यता असेल तर या वाटेला जाऊच नका, अर्धवट थांबलेलं पाणी न दिलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतं. पालापाचोळ्याचा धूर करायची जुनी पद्धत आहे. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही, थोडा वारा सुटला की धूर शेजाऱ्याच्या वाफ्यात. पहाटे गोठलेली पानं हलवू नका, फवारणी तर नकोच.

फेब्रुवारीअखेर चित्र पालटतं. मार्चमध्ये दुपार २८-२९ वर जाते, एप्रिलमध्ये ३० च्या जवळ. इथे सर्वांत जास्त तापतो तो एप्रिल; मेमध्ये वळवाचे ढग यायला लागतात. या उन्हात फळ बारीक आणि मऊ होतं, पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) वाढतो. आठवड्यातून दोनदा भिंगाने पान उलटून बघा, जाळी दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झाला. तोडा सकाळी ऊन चढायच्या आत उरका, क्रेट सावलीत ठेवा आणि वाईचा घाट गाडी तापायच्या आत उतरा. खाली वाईत इथल्यापेक्षा पारा बराच चढलेला असतो आणि पिकलेलं फळ तो फरक दुपारपर्यंत दाखवून देतं.