विद्यापीठाचा आयटी विभाग पर्यावरणपूरक कसा करावा?

मुंबईतल्या विद्यापीठाचा आयटी विभाग पर्यावरणपूरक करायचा म्हटलं की बहुतेक समित्या पहिला ठराव करतात तो कमी वीज खाणारी नवी मशीन घेण्याचा. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी यावा. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो. तेव्हा आधी आहे ते नीट चालवा, मग दुरुस्त करा, आणि इलाजच नसेल तेव्हा विकत घ्या.

पहिलं काम मोजण्याचं. लॅब आणि सर्व्हर रूमला वेगळा सबमीटर, म्हणजे तेवढ्याच भागाची वीज मोजणारा मीटर, बसवून घ्या. संध्याकाळी कुलूप लावताना आणि सकाळी उघडताना आकडा लिहायला सांगा. 60 डेस्कटॉप नुसते चालू राहिले, प्रत्येकी 50 वॅट धरले, तरी संध्याकाळी 6 ते सकाळी 8 या 14 तासांत 42 युनिट जातात, तेही एकही विद्यार्थी नसताना. मुंबईच्या विजेत डहाणूच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राचाही वाटा आहे, हे कुलगुरूंसमोर हा आकडा ठेवताना जरूर सांगा.

मग ही वीज थांबवा. ‘जाताना बंद करा’ असे कागद भिंतीवर चिकटवून काही होत नाही. सर्व्हरवरून ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग, लावा: 10 मिनिटांत स्क्रीन बंद, अर्ध्या तासात स्लीप, रात्री शटडाउन. अपडेटसाठी आठवड्यातली एक रात्र ठरवून मशीन नेटवर्कवरूनच चालू करता येतात.

खरी बचत मात्र सर्व्हर रूममध्ये आहे. तिथला एसी वर्षानुवर्षं 18 वर असतो, कारण कुणीतरी कधीतरी तसा लावलेला असतो. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 अंशांपर्यंत चालते, अशी ‘अ‍ॅश्रे’ या वातानुकूलनाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. रिमोटवरच्या आकड्यावर जाऊ नका. रॅकच्या, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या कपाटाच्या, पुढच्या बाजूला, मधल्या उंचीवर थर्मामीटर लावा आणि आठवड्याला एकेक अंश वाढवत 24-25 पर्यंत या. त्याआधी रॅकमधल्या रिकाम्या जागा पट्ट्यांनी बंद करा, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते. यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर 25 च्या वर जाऊ नका, उष्णतेने त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. आणि बाहेरची हवा घेऊन एसी वाचवण्याचा मोह मुंबईत नको. इथली दमट, खारी हवा सर्किटला गंज चढवते.

तिथेच कुणी लॉगिन करत नाही असे जुने सर्व्हरही सापडतील. मालक शोधा, बॅकअप घ्या, बंद करा. उरलेल्यांची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच मशीनवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगवेगळे सर्व्हर, करून ती एकाच सर्व्हरवर आणा.

विंडोज 10 चा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेवढ्यासाठी चालती मशीन भंगारात काढू नका. एसएसडी (वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम घालून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की प्रोग्रामिंगच्या लॅबला ती छान पुरतात. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मोफत आहेत, मराठीतही आहेत. लॅब असिस्टंटना त्यावरूनच शिकवा.

जे खरोखर संपलं त्याचं निर्लेखन करताना, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करताना, मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. ई-कचरा नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि मोठ्या ग्राहक संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा आहे. अशा निकामी मालाचा (डेडस्टॉकचा) लिलाव सर्वाधिक बोलीवर सोडला की माल कुर्ला-साकीनाक्याच्या भंगारगल्ल्यांत पोहोचू शकतो. अशा धंद्यात तांब्यासाठी वायरी जाळतात, धूर तिथल्या पोरांच्या छातीत जातो. म्हणून बोली लावण्याची अटच ‘फक्त नोंदणीकृत रिसायकलर’ अशी घाला. हार्ड डिस्कवरचा डेटा आधी कायमचा पुसा. बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्या वेगळ्या द्या.

एवढं झाल्यावर खरेदीकडे वळा. टेंडरमध्ये पाच वर्षांची वॉरंटी, सुटे भाग मिळण्याची हमी, रॅम-डिस्क बदलता येण्याची सोय आणि जुनं मशीन परत घेण्याची अट लिहून घ्या. नुसत्या कमी किमतीवर निविदा मंजूर करू नका.