मुलाला रक्त चढवताना रिअ‍ॅक्शन कशी ओळखावी

थॅलेसेमियाच्या मुलांना दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्यामुळे त्यांच्या आईवडिलांना रिअ‍ॅक्शनची लक्षणे ठाऊक असलीच पाहिजेत. ताप-थंडी आणि अंगावर पित्त उठणे हे त्रास लहानमोठ्या सर्वांनाच होतात, मात्र मुलांमध्ये त्यांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शिवाय मोठा माणूस छातीत दडपल्यासारखे होते किंवा कंबर दुखते असे सांगू शकतो. दीड वर्षाचे मूल नुसते किरकिरते, आणि ती किरकिर सुईमुळे आहे असे समजून दुर्लक्ष होते. माझ्या मते सर्वात मोठा धोका इथेच आहे.

रक्त सुरू होण्यापूर्वी पिशवीवरील नाव, नोंदणी क्रमांक व रक्तगट मुलाच्या केसपेपरशी जुळतात ना, हे सिस्टरसोबत स्वतः पाहावे. त्याच वेळी ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांची नोंद करून घ्यावी, कारण पुढचा बदल तिच्यावरूनच कळतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरून पॅरासिटामॉल देऊन आणू नये. त्याने ताप झाकला जातो.

पहिली 15 मिनिटे रक्त सावकाश सोडतात, आणि तेवढा वेळ मुलाजवळून हलू नये. ताप 1 अंशाने वाढून 38 सेल्सिअसच्या वर जाणे, हुडहुडी, चेहरा वा ओठ सुजणे, श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जाणे, मूल अचानक मलूल होणे, लघवी लालसर होणे, यांपैकी काहीही दिसले तर सिस्टरला रक्त लगेच थांबवायला सांगावे. सुई मात्र काढू नये, कारण त्याच शिरेतून सलाईन व औषधे द्यायची असतात. पिशवी आणि नळी टाकून न देता तपासणीसाठी रक्तपेढीकडे परत जायला हवी.

मात्रेचा प्रश्न मुलांच्या बाबतीत अधिक नाजूक असतो. दहा किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम 750 ते 800 मिलिलिटर रक्त असते. त्याला किलोमागे 10 ते 15 मिलिलिटर, म्हणजे 100 ते 150 मिलिलिटर रक्त, ताशी 50 मिलिलिटरच्या आसपास वेगाने देतात. हिमोग्लोबिन 5 च्या खाली असेल तर वेग आणि मात्रा दोन्ही आणखी कमी ठेवावी लागतात, नाहीतर हृदयावर ताण येऊन धाप लागते. त्यामुळे उशीर झाला म्हणून वेग वाढवण्याचा आग्रह धरू नये. मात्र पिशवी 4 तासांच्या आत संपली पाहिजे.

घरी गेल्यावरही पुढचे दोन आठवडे डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे किंवा मूल पुन्हा लवकर फिके पडणे याकडे लक्ष ठेवावे. झालेली प्रत्येक रिअ‍ॅक्शन मुलाच्या फाइलमध्ये तारखेसह लिहून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी पांढऱ्या पेशी गाळलेले किंवा धुतलेले रक्त मागवायचे का, हे डॉक्टरांना ठरवता येते.