जिओकॅशिंगसाठी जीपीएस घेताय? आधी काटा बघा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा, म्हणजे ‘कॅश’, अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा खेळ. फोनवर दोन-चार कॅश शोधून झाल्यात आणि आता हातात धरायचं स्वतंत्र यंत्र घ्यायचंय, असं धरून चालतो. फोन पुरतो की नाही या वादात पडत नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांपार गेला की दुपारी फोन तापून आपोआप बंद पडतो. नाही पडला तरी उन्हात स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. या यंत्रांचा पडदा उलट उन्हातच स्पष्ट दिसतो.

सोप्या गोष्टी आधी उरकू. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र घ्या. पालसारख्या डोंगरातल्या गावी टपरीवर चार्जर मिळणार नाही, सेल मिळतील. रिचार्जेबल सेल घातले तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटं बोलते. पडदा टचचा नको, बटणं हवीत. पाण्यासाठी आयपीएक्स७ पुरे: एक मीटर पाण्यात अर्धा तास. मेमरी कार्डाची सोय बघा, कारण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून केलेले फुकट नकाशे त्यात टाकता येतात.

खरी मेख शेवटच्या वीस मीटरमध्ये आहे. तिथपर्यंत कुठलंही यंत्र नेतं. पण डबा ठेवणाऱ्याच्या नोंदीत चार-पाच मीटरचा फरक असतो, तुमच्या यंत्रातही तेवढाच. दोन्ही उलट दिशांना गेले की डबा दहा मीटर बाजूला. मग तुम्ही थांबता, दगड उचलून बघता, आणि नेमका तेव्हाच स्वस्त यंत्राच्या पडद्यावरचा, डब्याची दिशा दाखवणारा काटा भरकटतो. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहांवरून कळतं; तोंड कुठे आहे ते कळत नाही. चालत असलात तर मागची जागा आणि आताची जागा यांवरून यंत्र दिशा काढतं. थांबलात की काट्याला काही अर्थ उरत नाही.

यावर ‘दहा पावलं सरळ चाला, काटा जाग्यावर येतो’ असा सल्ला सर्रास दिला जातो. देणारा लळिंग किल्ल्याच्या उतारावर काटेरी झुडपांत कधी उभा राहिला नसावा. तिथे सरळ तीन पावलंही पडत नाहीत.

म्हणून डिजिटल कंपास, म्हणजे थांबल्यावरही दिशा सांगणारं आतलं होकायंत्र, हवाच. यावर तडजोड नाही. गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स दिसायला जुळे भाऊ. २२एक्समध्ये कंपास नाही, ३२एक्समध्ये तीन अक्षांचा आहे, म्हणजे यंत्र तिरकं धरलं तरी चालतं. ३२एक्समध्ये हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटरही असतो, तर ‘तो कशाला हवाय’ म्हणून लोक २२एक्स घेतात. बॅरोमीटर नकोच हो, पैसे कंपासचे मोजायचे. ईट्रेक्स एसईमध्येही कंपास आहे आणि सेल भरपूर टिकतात, पण नकाशा नाही.

कंपास घेतला तरी त्याची मर्जी सांभाळावी लागते. सेल बदलले की तो पुन्हा जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्या. आपले डोंगर काळ्या बसाल्टचे. या दगडात चुंबकी खनिज असतं. मोठ्या कातळाला खेटून उभं राहिलं की काटा कधीकधी चांगलाच ढळतो. दोन पावलं मागे सरकून पुन्हा वाचा. मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून तर कधीच वाचू नका.

यंत्र घरी आलं की परत करायची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घ्या. मोकळ्या रानात बांधावरचा एखादा दगड धरा. हातपंप नको, तो लोखंडाचा. दगडाजवळ जागा नोंदवा. अनेक नोंदींची सरासरी काढायची सोय असते, ती वापरा. शंभर पावलं लांब जा आणि चारही दिशांनी एकेकदा परत या. अंतर दहा मीटर दिसलं की थांबा आणि जागच्या जागी गोल फिरा. तुम्ही फिरलात तरी काटा दगडाकडेच राहिला पाहिजे.

मग हाच प्रकार केळीच्या बागेत करा. रावेर-यावलकडच्यांना ती शोधावी लागणार नाही. ओल्या, रुंद पानांखाली सिग्नल दबतो. ईट्रेक्स आडवा, आकाशाकडे तोंड करून धरा. वर खुंटासारखा अँटेना असलेलं गार्मिनचंच जीपीएसमॅप उभं धरा. नीट धरूनही अंतराचा आकडा उड्याच मारत असेल तर यंत्र परत करा.

पाटणादेवीसारख्या ठिकाणी सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्र तुम्हाला भलतीकडे दाखवतं. जीपीएसमॅप ६५एससारखं, उपग्रहांचे सिग्नल दोन वारंवारितांवर पकडणारं यंत्र हा घोळ बराच कमी करतं. त्यातला ‘एस’ विसरू नका. नुसत्या ६५मध्ये कंपास नाही. तापीकाठच्या सपाटीवरच फिरणार असाल तर हा खर्च वाया.

पहिल्याच दिवशी अक्षांश-रेखांशांची पद्धत अंश आणि दशांश मिनिटांवर लावा, जिओकॅशिंगमध्ये तीच चालते. २१.०५ अंश म्हणजे २१ अंश ३ मिनिटं. कुणी ते २१ अंश ५ मिनिटं म्हणून भरलं की साडेतीन किलोमीटरहून जास्त लांब जाऊन पोचतो.

आणि जीपीएसमॅप ६६आय, ६७आय यांच्या वाटेला जाऊ नका. ही यंत्रं उपग्रहावरून संदेश पाठवतात, आणि सरकारी परवानगीशिवाय अशी यंत्रं भारतात बाळगली तर पोलिसांचा ससेमिरा लागतो. अमेरिकेतला मेहुणा भेट म्हणून आणतो म्हणाला तर त्याला सरळ सांगा, ६५एस आण.