डिझाइन व्ह्यूमध्ये न दिसणारे कस्टम टॅग

दृश्य पद्धतीने वेब पान रचण्याच्या साधनात आपण स्वतः ठरवलेला टॅग टाकला की डिझाइन व्ह्यूमध्ये (पान कसे दिसेल ते दाखवणाऱ्या दृश्यात) त्या जागी बहुधा काहीच दिसत नाही, आणि मग तो निवडणे किंवा हलवणे जिकिरीचे होते. असा टॅग मुळात इनलाइन, म्हणजे ओळीतल्या मजकुराचाच भाग, मानला जातो. त्यात मजकूर नसेल तर त्याला उंचीच मिळत नाही.

१. केवळ रचनेच्या वेळी वापरायची एक वेगळी स्टाइल शीट (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांची फाइल) तयार करावी. ड्रीमविव्हर या वेब पान रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी डिझाइन-टाइम स्टाइल शीटची सोय आहे. इतरत्र ती शीट पानाला तात्पुरती जोडावी.

२. त्या टॅगच्या नावाने नियम लिहून ‘डिस्प्ले’ला ‘ब्लॉक’, ‘मिन-हाइट’ला ४० पिक्सेल आणि ‘आउटलाइन’ला तुटक रेघ द्यावी. येथे ‘बॉर्डर’ टाळलेलीच बरी, कारण ती जागा व्यापते व शेजारचे घटक किंचित सरकतात. आउटलाइनने मांडणी हलत नाही.

३. ‘बिफोर’ या आभासी घटकाच्या (कोडमध्ये नसलेला, पण स्टाइल शीटमुळे टॅगच्या सुरुवातीला दिसणारा भाग) ‘कंटेंट’मध्ये टॅगचे नाव लिहावे, म्हणजे एकाच पानावर असे पाच-सहा टॅग असले तरी कोणता चौकोन कशाचा हे लगेच कळते.

एचटीएमएलमध्ये असा टॅग सुरुवातीच्या कंसातच तिरकी रेघ देऊन बंद होत नाही, त्यामुळे समाप्तीचा टॅग स्वतंत्रपणे लिहावाच लागतो. तो राहिला तर पुढचा मजकूर त्याच चौकोनात ओढला जातो. पान प्रकाशित करण्यापूर्वी तात्पुरती जोडणी आठवणीने काढून टाकावी.