अंगावर पाजणाऱ्या आईला मदत करताय? आधी या चुका टाळा

एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. निवृत्त झाले, पण फोन काही निवृत्त होत नाही. "सिस्टर, जरा येऊन जा न. हिला दूधच येऊन नाही राहिलं." गंमत अशी की हा फोन बाळंतीण स्वतः कधीच करत नाही. सासू करते, जाऊ करते, घाबरलेला नवरा करतो, आणि मागून त्या पोरीचं मुसमुसणं ऐकू येतं. मी स्कूटी काढून नागपुरातल्या मानेवाड्याला नाहीतर दिघोरीला जाते. पाहते तर बहुतेक वेळा दूध ठीकच असतं. खोलीत माणसं मात्र जास्त असतात आणि प्रत्येकाला काही ना काही बोलायचं असतं.

म्हणून हे लिहिणं आईसाठी नाही, तिच्या भोवतीच्या माणसांसाठी आहे. आईला सांगणारे घरात पुष्कळ असतात.

तिसऱ्या दिवशी डबा आणणं

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते या चुकीवर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महालातलं जुनं घर, मे महिना, पहिलंच नातवंड. जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना कागदावर २ किलो ६२० लिहिलेलं. आजीने आकडा पाहिला आणि घरभर बातमी केली, लेकरू घटलं! संध्याकाळी काका जाऊन पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आले. पहिल्या बाटलीनंतर बाळ तीन तास झोपलं. सगळ्यांना वाटलं, पाहा, उपाशी होतं बिचारं.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. जन्माच्या वजनाच्या सात टक्क्यांपर्यंत उतार असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं, आणि हे १८० ग्रॅम त्या आतच होते. दहाकडे जायला लागलं की डॉक्टरांना दाखवायचं. दोन आठवड्यांत बाळ पुन्हा मूळ वजनावर येतं. भरपूर दूध उतरायला दोन ते पाच दिवस लागतात, सिझर असेल तर कधी थोडं जास्त. तोवर जो चीक येतो तो चमचाभरच असतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतंही तेवढंच. हे त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं, देव जाणे.

मला फोन आला बाराव्या दिवशी. तोवर दिवसाला पाच बाटल्या झाल्या होत्या. बाळाला छातीशी धरलं की ते पाठ ताठ करून किंचाळायचं. बाटलीतून आपोआप गळतं, अंगावर ओढावं लागतं. शहाणं असतं हो लेकरू, सोपं ते निवडतं. आणि जितकं कमी ओढलं जातं तितकं शरीर कमी बनवतं. हा हिशेब रोखीचा आहे, इथे उधारी चालत नाही. आईला खरंच कमी दूध यायला लागलं होतं, आणि आजी म्हणत होत्या, "मी म्हणलं होतं न!"

मी आधी वजन केलं. २ किलो ८५० भरलं, म्हणजे बाळ धोक्यात नव्हतं. असं दिसलं की काही शूर लोक त्याच दिवशी डबा बंद करायला लावतात. मी लावत नाही. दूध वाढायच्या आत बाळ सुकलं तर ते शूर लोक रात्री दोनला येणार आहेत का? मी फक्त बाटली काढून बोंडलं दिलं, म्हणजे बाळाला पाजायचं चोचीचं छोटं भांडं. ते आजीच्याच कपाटात पडून होतं, चांदीचं. ते उकळून घेतलं. बाळ तोंडाकडे हात नेऊ लागलं, ओठ चाळवू लागलं की लगेच अंगावर. रडायची वाट पाहायची नाही, रडणारं बाळ नीट ओढत नाही. मग बोंडल्याने वरचं दूध, दर दोन दिवसांनी थोडं कमी. दुपारी कूलर लावून, बाळाला नुसत्या लंगोटावर आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि बाकीच्यांनी बाहेर बसायचं. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर. वरचं दूध पूर्ण सुटायला सोळा दिवस लागले.

त्या सोळा दिवसांत मी आजींना एकच काम दिलं, ओले लंगोट मोजून वहीत लिहायचे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. माझं मोजमाप हेच. छाती मऊ लागते, पंपाने काढलं तर थोडंच निघतं, संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, यातल्या कशावरूनही दूध कमी आहे असं ठरत नाही. डायपर घातला की हे मोजमाप गेलंच, म्हणून पहिले काही आठवडे निदान दिवसा तरी कापडी लंगोट लावा. धुवायला कंटाळा येतो हे मला माहीत आहे. नवऱ्याला सांगा.

आणि एक. १९९२ चा कायदा आहे, त्याने पावडरच्या डब्याची जाहिरात करायला बंदी आहे, आणि आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम हे त्या डब्यावरच छापावं लागतं. झाकण उघडायच्या आधी तेवढं वाचून पाहा.

डोकं धरून दाबणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

नोकरीचं पहिलं वर्ष. रांगेत बारा-चौदा बाळंतिणी आणि मला घाई. एका हाताने छाती धरायची, दुसऱ्याने बाळाचं डोकं मागून धरून त्यावर दाबायचं, लागलं की पुढची खाट. एक बाळ काही केल्या लागेना. मी दाबते, ते मान मागे टाकतं, मी आणखी दाबते. आई रडायला लागली. आमच्या इन्चार्ज सिस्टर हे पाहत होत्या. बोलल्या काही नाहीत. मला टेबलापाशी बोलावलं, समोर पाण्याचा स्टीलचा ग्लास ठेवला आणि मागून माझं डोकं धरून ग्लासात दाबलं. "पी." मी अर्थातच मान मागे झटकली. "कळलं?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तेव्हापासून माझी सवय, पाजताना माझे हात पाठीमागे. आईला लोडाला टेकवून बसवते, आईने वाकायचं नाही. बाळाचं पोट तिच्या पोटाला, नाक निपलसमोर. बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की आईनेच त्याला खांदे आणि मानेखाली हात देऊन जवळ ओढायचं. बाळ छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालच्यापेक्षा वर जास्त दिसतो, आणि थोड्या वेळाने घोट ऐकू येतो. दुखतच राहिलं, निपल चपटं होऊन बाहेर आलं, तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा लावावं लागलं तर चार वेळा. चिरा पडल्यावर मलम विचारायला येतात, पण लावण्याची पद्धत तीच ठेवली तर मलम काय करणार?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या उत्साही मुली माझ्यासोबत घरी यायला मागतात. चांगल्या असतात. पण खोलीत शिरल्या की तिसऱ्या मिनिटाला हात पुढे. त्यांना मी कोपऱ्यात बसवते, अर्धा तास फक्त पाहा म्हणते. निम्म्या पुन्हा येत नाहीत.

उन्हाळ्यात बाळंतिणीला कोंडणं

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, बाहेर ४५, आणि आत खिडक्या बंद, डोक्याला स्कार्फ, कूलर बंद "वारं लागेल" म्हणून, वर पाणी मोजून. मग तिला चक्कर आली की म्हणायचं, अशक्त आहे! कूलर लावा, झोत थेट अंगावर नको, एवढंच. प्रत्येक वेळी पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या असला पाहिजे, तिने हाक मारायच्या आधी. बाळाला मात्र सहा महिने पाणी नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं.

डिंकाचे, मेथीचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या, पण त्यासोबत भाजी-पोळी-वरणही द्या. वांगं बंद, थंड बंद, तर्री बंद करून बिचारीला भातावर ठेवू नका.

थोडक्यात उरकते

मधाचं बोट: नाही. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातल्या जंतूंनी लेकरू लुळं पडू शकतं.

घुटी, ग्राइप वॉटर: नाही.

नव्या बाळाची सुजलेली छाती दाबून दूध काढणं: कृपा करून नाही. ती सूज आपोआप जाते, दाबल्याने पू होतो.

घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं पाजणं: बाळाला घड्याळ कळत नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, त्याच्या मनाने.

आईला ताप आला म्हणून पाजणं बंद करणं: उलट छातीत साठलेल्या दुधाची गाठ आणखी दुखेल. ताप असेल, छाती एका जागी लाल झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि पाजणं चालू.

बाळ सुस्त आहे, पाजायला उठतच नाही, पिवळं दिसतंय, लंगोट कोरडे: तेव्हा मला फोन करू नका, सरळ दवाखान्यात न्या.

आईला अपराधी करणं

ही पाजायला मदत करणाऱ्या माझ्यासारख्यांची चूक. काहींना खरंच दूध कमी येतं. काहींना औषधं चालू असतात. डॉक्टरांनी वरचं दूध लिहून दिलं असेल तर तिला "अमृत" वगैरे भाषण ऐकवू नका. मी अशा घरी जाते तेव्हा पहिला प्रश्न दुधाचा नसतोच. "जेवलीस का? किती झोपली?" असं विचारते. कितीतरी जणी तिथेच रडतात. रडून झालं की बाळ घेऊन नीट टेकून बसतात.

कामावर जाताना

दूध हाताने किंवा पंपाने काढून ठेवता येतं. पुस्तकात लिहिलंय की बाहेर चार तास टिकतं, पण ते २५ अंशांच्या खोलीसाठी. आपल्याकडे मार्चनंतर २५ कुठे सापडतात? काढलं की लगेच फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दाराच्या कप्प्यात नाही. चार दिवस चालतं. गॅसवर गरम करू नका, भांडं कोमट पाण्यात ठेवा.

ठेवलेल्या दुधावर साय वर येते, खाली निळसर पाणी दिसतं. ते तसंच असतं, हलकं हलवलं की एक होतं. सक्करदऱ्याच्या एका घरात सुनेने ऑफिसला जायच्या आधी तीन वाट्या भरून ठेवल्या होत्या. पहाटे साडेचारला उठून काढलेल्या. सासूबाईंनी पाहिल्या, फाटलं म्हणून तिन्ही मोरीत ओतल्या, भांडी लख्ख घासून पालथी घातली आणि सुनेला फोन करून सांगितलंही, "तू काळजी नको करू, मी सगळं साफ केलं." सून ऑफिसच्या बाथरूममध्ये रडली, मग मला फोन केला.

आता त्यांच्या फ्रिजवर सासूबाईंच्याच अक्षरात चिठ्ठी लावलेली आहे: "हे दूध फाटलेले नाही. कोणी फेकू नये. मी पण नाही."